यात काय आहे?

पोस्टाच्या खिडकीवर पार्सल दिलं की आतला माणूस आधी ते काट्यावर ठेवतो आणि मान वर न करता विचारतो, "यात काय आहे?" आपण सांगतो, "कपडे." किंवा "पुस्तकं." किंवा "घरचं खायचं." तो मान हलवतो, वजन टाइप करतो, पावती देतो. पार्सल उघडून बघितलंय असं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. उघडायला सांगायचा अधिकार त्याला आहे, पण तो सहसा वापरत नाही. तुमच्या दोन शब्दांवर ती वस्तू हजार किलोमीटर जाते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की वापरणाऱ्याने जे काही टाइप केलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. वयाच्या रकान्यात कुणी आपलं नाव लिहील, नावाच्या रकान्यात कुणी अख्खा प्रोग्रॅम चिकटवेल. म्हणून दारातच तपासायचं. पोस्टाचं दार दीडशेहून जास्त वर्षं उलट्या पद्धतीनं चालू आहे, आणि बुडालेलं नाही. याचं मला कायम कुतूहल वाटत आलंय, आणि त्याला कारण घरातलंच आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, मेहकर तालुक्यातल्या एका गावात १९७१ ते २००८ अशी सदतीस वर्षं शाखा डाकपाल होते. त्या काळच्या भाषेत ईडी बीपीएम. ईडी म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, खात्याबाहेरचा खातेवाला. (आज 'आमचे आजोबा ईडीत होते' म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो.) पुढे या लोकांना ग्रामीण डाक सेवक म्हणू लागले. काम रोजचं काही तासांचं, बाकी वेळ शेती. शाखा डाकघराला जागा बहुतेक डाकपालाचीच असते, त्यामुळे आमची ओसरी हेच पोस्ट होतं. एक टेबल, एक तराजू, तारखेचा शिक्का, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि लोखंडी पेटी. मेहकरहून एस. टी.नं टपालाची थैली यायची आणि दुसऱ्या फेरीनं इथली थैली जायची. आमच्या भागात रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची बोलणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहेत. थैलीचं सगळं एस. टी.वर.

गावातली माणसं पार्सल घेऊन यायची ती 'हे पाठवायचंय' म्हणून नाही, तर "आबाजी, हे पोस्टानं जाईन का?" असं विचारत. जाईल की नाही हे ठरवायचं काम त्यांचं. त्यांच्याकडे मोठं नियमपुस्तक नव्हतं. जे होतं ते मेहकरच्या पोस्टमास्तरांकडून ऐकून पाठ केलेलं.

मूळ नियम मी नंतर वाचला. भारतीय डाकघर अधिनियम, १८९८, कलम १९, २०२४ पर्यंत लागू असलेलं. स्फोटक, धोकादायक, घाणेरडा, अपायकारक पदार्थ पोस्टानं पाठवायचा नाही. नीट झाकलेलं नसेल असं धारदार हत्यार पाठवायचं नाही. आणि जो जिवंत प्राणी उपद्रवी आहे किंवा वाटेत बाकीच्या टपालाला अथवा पोस्टाच्या माणसाला इजा करील असा आहे, तो पाठवायचा नाही. लगेच दुसरं पोटकलम येतं: टपालाला किंवा पोस्टाच्या माणसाला इजा होण्याजोगी कुठलीच वस्तू नको.

दोन-तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की यात पाठवणारा कुठे नाही. घेणाराही नाही. वस्तू चांगली की वाईट, उपयोगाची की निरुपयोगी, याच्याशी कलमाला देणंघेणं नाही. त्याला काळजी दोघांचीच आहे, थैलीत शेजारी पडलेल्या दुसऱ्याच्या पत्राची आणि ती थैली उचलणाऱ्या हाताची. तुमचं पार्सल फुटलं तर ते तुमचं नशीब. पण ते फुटून शेजारच्याचं भिजता कामा नये.

आबाजींना हे कलमाच्या भाषेत ठाऊक नव्हतं, पण ते नेमकं हेच पाळायचे. लोणचं ते कधीच घ्यायचे नाहीत. बरणी कितीही घट्ट असो, वर फडकं असो, पिशवी असो. तेल झिरपतंच. एकदा, मी जन्मायच्या कितीतरी आधी, वरच्या कुठल्यातरी पोस्टातून आलेल्या थैलीत तेल सांडलेलं होतं आणि गावातल्या एका मुलाचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र असं भिजलं होतं की तारीख वाचता येईना. आबाजी त्या मुलाला घेऊन मेहकरला गेले, तिथून फोन लावला, तारीख कळली, मुलगा वेळेत पोचला. पण तेव्हापासून लोणच्याला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "एकाचं लोणचं, दुसऱ्याची नोकरी."

लाडू मात्र घ्यायचे. आमच्या भागातली बरीच पोरं फौजेत आहेत आणि त्यांचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा ५६ ए. पी. ओ.'. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. मुलगा लडाखमध्ये आहे की आसामात, हे ना आईला ठाऊक, ना आबाजींना. आई शेंगदाण्याचे किंवा डिंकाचे लाडू आणायची आणि आबाजी डब्याच्या बुडाला हात लावून बघायचे. तूप लागलं तर डबा परत. "कागद बदला, पोटात कोरडं जुनं लुगडं घाला, मग आणा." आजी आतून दाभण आणि दोरा घेऊन यायची आणि डबा पांढऱ्या मांजरपाटात शिवून द्यायची, टाके जवळजवळ. पार्सल कापडात शिवायची पद्धत तेव्हा सगळीकडेच होती. त्यावर आबाजी लाखेचे ठिपके द्यायचे. शिवायचे पैसे आजीनं कधी घेतले नाहीत. खात्याच्या लेखी आजी अस्तित्वातच नव्हती, पण पार्सल पाठवण्याजोगं व्हायचं ते तिच्या हातातून.

धारदार वस्तूंचंही तसंच. एका बाईला सुरतेला दिलेल्या मुलीसाठी माहेरचा अडकित्ता पाठवायचा होता. आबाजींनी पात्यात मक्याचं रिकामं कणीस अडकवलं, वरून सुतळी गुंडाळली, आणि अडकित्ता गेला. 'नीट झाकलेलं नसेल असं' या शब्दांचा इतका घरगुती अर्थ दिल्लीत बसून कुणाला सुचला नसता.

सोन्यारुप्याला ते हात लावायचे नाहीत. जिल्ह्यात खामगावची चांदी प्रसिद्ध, त्यामुळे जोडवी, पैंजण, देवाचे टाक असं काही ना काही यायचंच. नाणी, नोटा, सोनंचांदी पाठवायची तर विमा उतरवून. आबाजी अशा माणसाला थेट मेहकरचा रस्ता दाखवायचे. त्यांच्या मते मोलाची वस्तू पाठवण्यातला धोका चोरीचा नव्हता, संशयाचा होता. पार्सल हरवलं तर थैलीला हात लावलेला प्रत्येक जण चोर ठरतो. १९५८ साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं होप हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला साध्या रजिस्टर पोस्टानं पाठवला, खोक्याला खाकी कागद गुंडाळून. एकूण खर्च १४५ डॉलर २९ सेंट. त्यातलं टपालाचं हशील फक्त २ डॉलर ४४ सेंट, बाकी सगळा विमा. ही गोष्ट मी आबाजींना सांगितली तेव्हा त्यांनी हिऱ्याबद्दल काही विचारलं नाही. "थो पोस्टमन कसा झोपला असंन आदल्या रात्री?" एवढंच म्हणाले.

जिवंत प्राण्यांचं प्रकरण सगळ्यात मजेचं. कलम म्हणतं, उपद्रवी किंवा इजा करणारा नको. म्हणजे गरीब स्वभावाचा चालेल? जागतिक टपाल संघाच्या करारात खरंच अशी यादी आहे: मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे पत्राच्या टपालातून जाऊ शकतात. शिवाय किडींवर जगणारे परोपजीवी कीटक, पण ते मान्यताप्राप्त संस्थांमध्येच. मधमाशी चालते आणि कोंबडीचं नाव नाही, यामागे कसला तर्क असेल असं वाटतं. तर्क सरळ आहे. मधमाश्या जाळीच्या लहान डबीत, सोबत साखरेचा खाऊ घालून, शांत प्रवास करतात आणि शेजारच्या टपालावर शिटत नाहीत.

अमेरिकेत तर १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं आणि त्याच महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्यानं आपलं तान्हं बाळ मैलभरावरच्या आजीकडे पोस्टानं पाठवलं. पंधरा सेंटचं तिकीट, पन्नास डॉलरचा विमा. वजनाची मर्यादा अकरा पौंड होती आणि बाळ त्यात जेमतेम बसलं. पुढच्या वर्षी आयडाहोत मे पिअरस्टॉर्फ नावाची जवळपास सहा वर्षांची मुलगी त्रेपन्न सेंटच्या तिकिटांवर रेल्वेच्या टपालडब्यातून आजीकडे पोचली. सोबत आईचा चुलतभाऊ होता, तो टपालातच कारकून. रेल्वेच्या तिकिटापेक्षा हे स्वस्त पडलं. मग खात्यानं माणसं पाठवायला बंदी केली. हे वाचताना मला गंमत वाटायची थांबली ती एका गोष्टीनं: त्या आईबापांनी मूल टाकून दिलेलं नव्हतं. पोस्टमन ओळखीचा होता, आणि ज्याच्या हाती आपण सगळं देतो त्याच्या हाती मूलही देता येईल असं त्यांना वाटलं होतं.

कलमातला खरा निसरडा शब्द 'घाणेरडा' हा आहे. स्फोटक म्हणजे काय यावर वाद होत नाही. घाण म्हणजे काय, हे खिडकीवर ठरतं आणि काळाबरोबर बदलतं. २०१८ साली दिल्लीत क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने पोस्टमनकरवी प्रयोगशाळेत पोचवण्याचा प्रयोग झाला. तिपदरी वेष्टन, गळती रोखायची सोय, वर खूण. १८९८ च्या डोळ्यांनी पाहिलं तर याहून अपायकारक वस्तू कुठली? आणि तरी ती चालली, कारण बांधणी चोख होती आणि नमुना पोचल्यानं रोगी वाचत होता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आबाजी गेले. वय ७८. कोरोनानं नाही, हृदयानं. पण त्या महिन्यात कुणी कशानंही गेलं तरी सगळं सारखंच होतं: पाच-सहा माणसं, घाई, तोंडावर फडकं. मी पुण्याहून घरी आलेलो होतो, ओसरीत बसून लॅपटॉपवर काम करायचो, पूर्वी जिथे त्यांचं टेबल होतं तिथेच. अस्थींचं मडकं मागच्या कडुलिंबाला टांगलेलं होतं.

अर्ध्या अस्थी मेहकरला पैनगंगेत सोडल्या. पैनगंगा आमच्याच जिल्ह्यात, बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते, आणि आमच्याकडे बऱ्याच जणांचं तिथेच होतं. पण आबाजींनी त्यांच्या वडिलांच्या अस्थी प्रयागला नेल्या होत्या, खामगावहून निघून गाड्या बदलत, आणि काकांच्या मनात तेच होतं. जाणार कसं? रुग्ण वाढतच होते, काका स्वतः साखरेचे पेशंट. मडकं झाडाला तसंच राहिलं.

जूनमध्ये काकांनीच बातमी पाठवली. टपाल खात्यानं 'ओम दिव्य दर्शन' नावाच्या संस्थेबरोबर सोय केली होती: अस्थी स्पीड पोस्टानं पाठवायच्या, वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार किंवा गया यांपैकी एका ठिकाणी त्यांचं विसर्जन आणि विधी होणार, घरच्यांना ते इंटरनेटवरून बघता येणार. पार्सल नीट बांधलेलं हवं, त्यावर मोठ्या अक्षरात 'ओम दिव्य दर्शन' लिहिलेलं हवं.

आजीनं ऐकलं आणि ती उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती एकच वाक्य बोलायला. "त्यायनं जलमभर लोकायची पार्सलं धाडली, आता त्यायलेच पार्सल करता का?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आत्या फोनवरून म्हणाली की यापेक्षा योग्य ते काय, दादांना सगळ्यात जास्त भरवसा थैलीवरच होता. बाबा म्हणाले, भरवसा वेगळा, मान वेगळा. पत्र पाठवणं म्हणजे आपण न जाणं. लोणचं आणि लाडू आपल्या ऐवजी जाऊ शकतात, पण बापाला पोचवायला पोरगा न जाता कागदाचा डबा? काका गप्प. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो की कायद्यानं चालतं. बाबा म्हणाले, "कायद्याचं कुणी विचारलं?"

तेव्हा मी जरा दुखावलो होतो. आता वाटतं, घरात जे चाललं होतं तो कलम १९ चाच प्रश्न होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. खातं विचारतं की ही वस्तू आमच्या माणसाला इजा करील का. आजी विचारत होती की तुमचं खातं आमच्या माणसाला इजा करील का. इतर पार्सलांच्या ढिगात तो कुठे पडेल, कुणाचा पाय लागेल, वर काय येऊन आदळेल. थैल्या कशा फेकतात हे तिनं सदतीस वर्षं बघितलं होतं.

(अमेरिकेत चिताभस्म पाठवायचं तर टपालाची एकच ठरावीक द्रुत सेवा चालते, आणि मार्च २०२५ पासून खात्याचंच खास खोकं वापरावं लागतं, चारही बाजूंनी खूण असलेलं. उचलणाऱ्याला न विचारता कळावं की हे काय आहे. आजीला हे पटलं असतं.)

आठ-दहा दिवस असेच गेले. मग पाऊस लागला. एका सकाळी आजीनं मडकं उतरवून घ्यायला सांगितलं, आतला पाट मागवला आणि मला म्हणाली, "मांजरपाट आन." स्टीलचा लहान डबा, त्यात तांबड्या कापडाची पुरचुंडी, बाजूनं कापूस. डबा हलवून आवाज येत नाही ना, हे तिनं कानाशी धरून बघितलं. मग दाभण. टाके जवळजवळ. लाख घरात होती, आबाजींची, अर्धी कांडी. ठिपके बाबांनी दिले. वर नाव मी लिहिलं, मोठ्या अक्षरात.

मेहकरच्या पोस्टात बाबा आणि मी गेलो. खिडकीवर तरुण मुलगा होता, आबाजींना ओळखायचं कारण नाही. पार्सल काट्यावर ठेवलं. ८४० ग्रॅम.

"यात काय आहे?"

"अस्थी," बाबा म्हणाले.

त्यानं मान वर केली. वरचं नाव वाचलं, एवढंच. मग नेहमीचा पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला, विमा उतरवायचाय का, किंमत किती लिहू. विचारल्यावर तोच गोरामोरा झाला. बाबा म्हणाले, "नाही. विमा नको." पावती आली. त्यानं पार्सल मागच्या ढिगात टाकलं नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर वेगळं ठेवलं, आणि आम्ही निघेपर्यंत ते तिथेच होतं.

पुढचे चार दिवस मी मोबाइलवर तेरा अक्षरी क्रमांक टाकून बघत राहिलो. आयटम बुक्ड. आयटम बॅग्ड. आयटम डिस्पॅच्ड. एका रांगेत शहराचं नाव, तारीख, वेळ. असल्या स्थितींच्या याद्या मी रोज लिहितो, पॅकेट कुठे आहे हे सांगणाऱ्या, आणि त्यात कधी काही वाटत नाही. 'बॅग्ड' वाचून आजीला सांगितलं, "थैलीत घातलं." ती म्हणाली, "मंग पोचन."

पोचलं. विधी आम्ही ओसरीत लॅपटॉपवर बघितला. मध्ये दोनदा चित्र अडकलं, पण आजीला नाव ऐकू आलं आणि तेवढं तिला पुरलं. काही आठवड्यांनी पोस्टमननं एक लहान खोकं आणून दिलं, आत गंगाजलाची बाटली. पोस्टानं पाणी! २०१६ पासून खातं स्वतःच गंगाजल विकतं, हे मला ठाऊक होतं, पण या घरात ते आलं तेव्हा आजीनं आधी बाटली उलटी धरली, झाकणाखाली बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं, आणि मगच ती देवघरात ठेवली. पावतीही तिथेच आहे.

वस्तू चालते की नाही हे नेहमी वस्तूवर ठरतं असंही नाही. आत्येभाऊ न्यू जर्सीत आहे आणि आत्या दर वर्षी चिखलीहून त्याला फराळ पाठवते: चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. अनारसे नाहीत, ते तिथे पोचेपर्यंत मऊ पडतात. २०२५ साली अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी काढून टाकली आणि जकात कुणी, कशी गोळा करायची हेच ठरेना, म्हणून २५ ऑगस्टपासून भारतीय टपालानं तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. काही दिवसांत पत्रंसुद्धा. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, जाहीर किमतीवर ५० टक्के जकात आगाऊ भरायच्या अटीवर, आणि लक्ष्मीपूजन २१ ला. चकली तीच, डबा तोच. आत्या म्हणाली, "मी भाजणीत काय वेगळं घातलं?" फराळ आम्हीच खाल्ला.

त्याच दिवाळीत तिनं दुसरं काम हातात घेतलेलं होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आत्यानं त्या दोनेक वर्षं बसून लिहून घेतल्या होत्या, दोनशेपानी वहीत. चिखलीतल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि बारा प्रती काढल्या. आजीच्या बहिणी, भाच्या, नणंदा वाशिम, परभणी, नागपूर, निजामाबाद अशा पसरलेल्या. बाराही प्रती पोस्टानं जायच्या होत्या.

पूर्वी हे काम बुक पोस्टनं झालं असतं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, भेटकार्डं जायची तसं. पाकिटाचं तोंड चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं, म्हणजे खात्याला आत डोकावता यावं. आणि आत छापील मजकूरच हवा, पत्र नको. छापील निमंत्रणावर कुणी पेनानं 'नक्की या, मुलांना घेऊन या' लिहिलं की ते पत्र होतं आणि त्याला पत्राचा दर. माणूस स्वस्तात जातो, माया महाग पडते. पुस्तकांसाठीची रजिस्टर बुक पोस्ट सेवा १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली, संगणकातला पर्यायच गेला. छोट्या प्रकाशकांनी ओरड केली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. अटी मात्र आहेत. पुस्तक शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक हवं, व्यापारी नको, जाहिराती नकोत. आणि त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं.

आत्याच्या वहीला स्पायरल बांधणी होती आणि मुखपृष्ठावर आजीचं नाव. खिडकीवरच्या बाईंनी पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, मधलं एक उघडलं. तिथे त्या जरा थांबल्या आणि बहुधा दोन-तीन ओव्या वाचल्या. मग म्हणाल्या, "छान आहे. पण छापलं कुणी?"

"मीच की," आत्या म्हणाली.

"तसं नाही. नाव कुठंय?"

मला इथे गंमत वाटते ती अशी. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव सक्तीचं केलं होतं, कोण काय छापतंय याच्यावर इंग्रजांना लक्ष ठेवता यावं म्हणून. मार्च २०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली आणि त्यातून पुस्तकं वगळली. म्हणजे देशाच्या छपाईच्या कायद्यानं जो शिक्का मागणं सोडलं, तो आता वीस रुपयांच्या सवलतीसाठी लागतो. चूक म्हणायचं तरी कसं? नाहीतर कुणीही बिलांचा गठ्ठा स्पायरलमध्ये घालून ज्ञान म्हणून पाठवील. खातं ओव्या आणि बिलं यांतला फरक वाचून ठरवू शकत नाही, कारण वाचायचं नाही हाच त्याचा धर्म. त्याला एक ओळ हवी. आमच्या भाषेत सांगायचं तर आशय तपासता येत नाही, रकाना भरलाय की नाही एवढंच तपासता येतं.

आत्या डीटीपीवाल्याकडे परत गेली. त्यानं शेवटच्या पानाची नवी प्रत काढली: संकलक व प्रकाशक म्हणून आत्याचं नाव, खाली मुद्रक म्हणून त्याच्या दुकानाचं, खाली चिखली आणि महिना. बाराही वह्यांची शेवटची पानं बदलली. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी त्या घेतल्या. प्रत्येकी २६० ग्रॅम.

वाशिमच्या प्रतीत आत्याला चिठ्ठी ठेवायची होती. वाशिमला आजीची धाकटी बहीण आहे, तिच्या काही ओव्या यात आल्यात, आणि कुठल्या पानावर ते सांगायचं होतं. बाईंनी मान हलवली. "चिठ्ठी नको, मावशी. कार्ड टाका ना वेगळं."

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. आत्यानं बारा घेतली, सहा रुपये, आणि तिथल्याच कट्ट्यावर बसून प्रत्येकावर पान क्रमांक लिहिले. वाशिमचं कार्ड मंगळवारी पोचलं आणि वही शनिवारी. मधल्या चार दिवसांत मावशीआजीनं तीनदा फोन केला, की कार्डात लिहिलेलं पान सतरा आलंय कुठे.